शिवणयंत्र : एका दुरुस्तीच्या निमित्ताने



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना आधीच बजावले होते की, माझ्या पदरी कोणतीही पदवी नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात, एस. टी.च्या प्रवासात आणि कामगार कचेरीच्या बाहेरच्या बाकावर. अशा माणसाने शिवकालावर किंवा पेशवाईवर बोलू नये. तो अधिकार दुसऱ्यांचा. मी आज एका लोखंडी वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू व्यासपीठावर, त्या टेबलावर ठेवलेली आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर तिची बहीण धूळ खात पडलेली असेल.

हे हाताने फिरवायचे शिवणयंत्र माझ्या आईचे. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात विणकर होते. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते आणि त्यांतले कितीतरी आपल्या सातारा जिल्ह्याचे. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. तो विरत गेला, जसे जुने धोतर विरते. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. वर्षभर वाट पाहून आम्ही खोलीला कुलूप लावले आणि मामाच्या आधाराने इथे महाबळेश्वरला आलो. वडिलांना हॉटेलात पहारेकऱ्याची नोकरी लागली, पण ती हंगामापुरती. आईने एका बंगल्याच्या माळ्याकडून हे यंत्र साडेतीनशे रुपयांना हप्त्याने घेतले. साहेबलोक गेले, नंतरचे मालक गेले आणि यंत्र माळ्याच्या कोठीत राहिले होते. पुढची वीसएक वर्षे त्या यंत्राने आमच्या घरातली चूल पेटती ठेवली. हॉटेलांचे पडदे, उशांचे अभ्रे, पाचगणीच्या वसतिगृहांतल्या मुलांचे गणवेश. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा आवाज रात्री एक वाजेपर्यंत चाले. आम्ही भावंडे त्या आवाजावर झोपत असू.

आई गेली आणि यंत्र फळीवर गेले. आपल्या गावचा पाऊस आपणांस मी काय सांगावा? वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस लोखंडाला काय करतो, हे इथे चाकू-विळ्यांनाही ठाऊक आहे. पत्र्याला एक भोक पडले होते, ते नेमके त्या फळीवर. गेल्या पावसाळ्यात मी पेटी खाली काढली तेव्हा चाक हलेना, सुई वर जाईना, आणि लाकडी पेटीची एक बाजू पिठासारखी भुसभुशीत झालेली. एक ओळखीचे हॉटेलवाले म्हणाले, "द्या आम्हाला. बागेत ठेवू, शोभेला." हल्ली ही एक तऱ्हाच झाली आहे. शिवणयंत्राच्या बिडाच्या पायावर संगमरवराची फळी टाकायची आणि तिच्यावर स्ट्रॉबेरी क्रीमचा पेला ठेवायचा. किंमतही त्यांनी बरी सांगितली. मी एक दिवस विचार केला, हे कबूल करतो. पण आमच्या संघटनेतली घरी शिवणकाम करणारी एक बाई माझ्या मागे लागली होती : "दादा, ते चालू होत असलं तर मला द्या. वीज गेली की माझं मोटरचं मशीन बसतं." या दोघांत निवड करायची म्हटली की कामगार कार्यकर्त्याला फार वेळ लागू नये.

आता आधी यंत्राच्या जन्माची कथा सांगतो, मग दुरुस्तीची.

सुई ही माणसाची फार जुनी वस्तू. आपल्याकडे तर नामदेवरायांनी शिंप्याच्या घरी जन्म घेऊन सुई-कात्रीला संतपरंपरेत जागा मिळवून दिली. पण हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि सगळी सुई कापडाच्या आरपार न्यावी लागते. यंत्राला हे जमणार कसे? शंभर वर्षे लोक यंत्राकडून हाताची नक्कल करवून घेऊ पाहत होते, आणि तीच चूक होती. नेढे सुईच्या टोकाशी आणले तेव्हा कोडे सुटले. सुई कापडात थोडी उतरते, परत वर येऊ लागते, तेवढ्यात दोऱ्याचा एक लहानसा फास खाली राहतो, आणि त्या फासातून दुसरा दोरा ओवला जातो. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांना अडकतात. आपण ज्याला टीप म्हणतो ती ही.

फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या एका गरीब शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे हक्क घेतले. त्याचे यंत्र एकाच दोऱ्याची साखळी घालीत असे. टोक ओढले की सारी शिवण उसवे. तरीही त्याने पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायला सुमारे ऐंशी यंत्रे बसवली. १८३१ साली पॅरिसचे शिंपी चालून आले आणि त्यांनी ती फोडून टाकली. तिमोनिए पुढे दारिद्र्यातच वारला. पुस्तकांतून या शिंप्यांना अडाणी जमाव म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. ज्याच्या हातात एवढी एकच विद्या आहे, त्याच्यापुढे पोटाचा दुसरा मार्ग न ठेवता यंत्र उभे केले तर तो काय करील? मात्र यंत्र फोडून यंत्र थांबत नाही, हेही खरे. आमच्या चळवळीला हे शिकायला फार काळ लागला.

अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या कल्पक माणसाने १८३० नंतरच्या चार-पाच वर्षांत दोन दोऱ्यांचे यंत्र केले, पण त्याचे हक्क त्या वेळी घेतले नाहीत. असे सांगतात की, त्याच्या मुलीनेच त्याला अडवले. शिवणकाम करणाऱ्या बायकांचे काम जाईल म्हणाली. कथा खरी असो वा नसो, त्या मुलीचा प्रश्न खरा होता. पुढे एलियस हाव याने १८४६ साली हक्क घेतले, आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपले यंत्र पुढे आणले. सिंगर हा मूळचा यंत्रे जुळवणारा, मधल्या काळात नाटक कंपनीत वेषांतरे करीत हिंडणारा गृहस्थ. हाव आणि सिंगर यांचे कज्जे वर्षानुवर्षे चालले. शेवटी १८५६ साली मोठ्या कारखानदारांनी आपापले हक्क एकत्र केले आणि प्रत्येक यंत्रामागे पैसे वाटून घेतले. मालक एकमेकांशी कितीही भांडोत, वाटणीच्या वेळी त्यांची एकी कशी होते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

त्याच वर्षी सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्याची पद्धत काढली. थोडे पैसे आधी, बाकीचे महिन्याच्या महिन्याला. यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. हप्त्याने ती आवाक्यात आली. आज आपण फोनपासून फटफटीपर्यंत सारे हप्त्याने घेतो, त्या रिवाजाच्या मुळांतले एक मूळ हे आहे. आईने माळ्याला दर महिन्याला वीस रुपये दिले, तेव्हा तिला क्लार्कचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार १८७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ अनेक वर्षे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन या साऱ्या मुलुखाचे कंपनीचे प्रमुख एजंट होते. परदेशी यंत्र खरे, पण ते आपल्या घरात शिरले ते देशी माणसाच्या हातून.

महाबळेश्वरपुरते बोलायचे तर हे गावच मुळी साहेबांच्या सोयीसाठी वसलेले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली सातारच्या छत्रपतींशी करार करून वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा घेतली, आणि पेठेला माल्कम पेठ असे नाव पडले. गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात इथे येत, त्यांच्यामागे कारभार येई, कारभारामागे मडमा, आणि मडमांच्या मागे दर्जी. बंगल्याच्या व्हरांड्यात मांडी घालून, समोर जुना झगा नमुन्याला ठेवून तसाच नवा झगा शिवून देणारा दर्जी हा त्या काळच्या इंग्रजी लेखांतून वारंवार भेटतो. त्याचे नाव मात्र कुठे मिळत नाही. मिळते ती तक्रार : कापड चोरतो, वेळेवर येत नाही. आपल्याच गावात १८६४ पर्यंत जो तुरुंग होता, त्यातल्या चिनी कैद्यांनी भाजीपाला लावला, वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांची आठवण निदान एका धबधब्याच्या नावात राहिली. दर्जाच्या नावाचा साधा ओढाही नाही.

यंत्र आले आणि व्हरांड्यातला दर्जी पेठेत दुकान मांडून बसला. पुढे ते बायकांच्या हाती गेले. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे केले, त्यात शिवणाचे वर्ग होते. विधवा आणि टाकलेल्या स्त्रिया यांना मानाने दोन पैसे मिळावेत, हा हेतू. तेव्हापासून "एक मशीन घेऊन दे, पोटापुरतं मिळवील" हे वाक्य मराठी घरांत अडचणीत सापडलेल्या प्रत्येक बाईविषयी बोलले गेले आहे. आजही जिल्हा परिषदा बायकांना शिलाई मशीन देतात, आणि २०२३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याचा धंदा आहेच. या वाक्यावर मी पुढे थोडे बोलणार आहे.

आता माझे यंत्र. पाटाच्या उजव्या कोपऱ्यात एक क्रमांक कोरलेला आहे आणि त्याच्या आधी एक अक्षर. गंज घासून काढल्यावर अक्षर दिसले : 'एफ'. हे अक्षर स्कॉटलंडातल्या क्लाइडबँक गावच्या किलबोवी कारखान्याचे, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या यंत्रांचे. नमुना अठ्ठावीस, लहान अंगाचा. हा कारखाना १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि एके काळी तो जगातला शिवणयंत्रांचा सर्वांत मोठा कारखाना होता. १९८० साली तो बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नाव अजून 'सिंगर' असेच आहे.

याच कारखान्यात १९११ च्या मार्च महिन्यात एक संप झाला. यंत्राच्या लाकडी पेट्यांना आणि टेबलांना पॉलिश करणाऱ्या बायकांची एक तुकडी होती. तुकडीतली माणसे कमी करून तेवढेच काम उरलेल्यांनी उरकावे, असा हुकूम निघाला. बारा बायका २१ मार्चला काम सोडून बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागे दुसऱ्या खात्यातल्या बायका आल्या, आणि एक-दोन दिवसांत साडेअकरा हजारांपैकी बहुतेक सारा कारखाना बाहेर! बारा बायकांसाठी! मी तीस वर्षे युनियनचे काम करतो आहे. एका खात्यासाठी दुसरे खाते बाहेर काढताना काय यातायात होते, ती मला माहीत आहे. मालकाने वाटाघाटी केल्या नाहीत. त्याने कामगारांच्या घरोघर टपालाने पत्रे धाडली : परत यायला तयार आहात का, लिहून पाठवा. सभेत हात वर करणारा माणूस घरी एकटा, चुलीसमोर बसून, भाडे थकलेले असताना काय लिहितो, हे त्याला कळत होते. तीन आठवड्यांत संप मोडला. मग सुमारे चारशे लोकांना हळूहळू काढून टाकले, त्यात पुढारी आधी. जेन रे नावाची एक बाई त्यांत होती.

माझ्या यंत्राची पेटी त्याच बायकांच्या हातची, असे मी म्हणणार नाही; तसा पुरावा नाही. पण भुसभुशीत झालेली बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंवर पॉलिश अजून आहे. कोणीतरी ते केले, कोणत्या तरी दराने केले.

दुरुस्तीला मी श्रावणात बसलो. बाजार बंद, दारांना गवताच्या झडी लावलेल्या, कामाला तोटा. माझे हात तसे यंत्राला सरावलेले नाहीत. पण आईला पाहिलेले होते आणि वाईचे एक जुने मेकॅनिक फोनवर शिव्या द्यायला तयार होते. त्यांची पहिली आज्ञा : "जोर लावायचा नाही. लावलास तर मोडशील." गंजलेल्या चाकाला जोर लावला की दांडी वाकते, दाते तुटतात. म्हणून आठ दिवस नुसते तेल. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही; डिझेलमध्ये मशीनचे तेल मिसळून प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यावर दोन-दोन थेंब सकाळ-संध्याकाळ. मुलीच्या केस वाळवण्याच्या यंत्राने मधूनमधून ऊब. नवव्या दिवशी चाक केसभर हलले. मी घरात सगळ्यांना हाका मारल्या. कोणी आले नाही.

तेलावरून एक सांगतो, कारण ही चूक आपल्या गावात सर्रास होते. यंत्रात खोबरेल किंवा गोडे तेल कधी घालू नये. खायचे तेल काही महिन्यांत चिकट होते आणि मग डिंकासारखे घट्ट बसते. खोबरेल तर आपल्या थंडीत यंत्रातच गोठते. माझ्या यंत्रात गंजापेक्षा हा डिंकच जास्त होता. म्हणजे आईनेही मशीनचे तेल संपले की खोबरेल वापरले असणार. त्याची बाटली विकत आणायची म्हणजे चार अभ्र्यांची मजुरी.

सुईखालची पत्र्याची पट्टी काढली. तिच्याखाली दाते असतात. ते कापड पुढे सरकवतात. दात्यांच्या खोबणीत कापडाचा भुसा दाबून दाबून त्याची नमद्यासारखी वडी झाली होती. पिनेने ती अलगद बाहेर काढली तर तिच्यात थर होते. वर पांढरा, खाली निळा, मग पुन्हा पांढरा, मग खाकी. पांढरे म्हणजे हॉटेलांचे अभ्रे. निळे आणि खाकी म्हणजे शाळांचे गणवेश. हंगामाप्रमाणे काम आणि कामाप्रमाणे थर. आईने हिशेबाची वही कधी ठेवली नाही. मी ती वडी कागदात बांधून ठेवली आहे. दुरुस्तीच्या कामात तिचा उपयोग काही नाही.

या जुन्या नमुन्यात गोल बॉबिन नसते. लांब, बारीक, दोन टोकांना चकत्या असलेली बॉबिन असते आणि ती बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या एका पोकळ तुकड्यात बसते. तो तुकडा झुल्यासारखा मागेपुढे जातो आणि आपल्या टोकाने वरच्या दोऱ्याचा फास पकडतो. कंपनीच्या भाषेत शटल. पण वडिलांनी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ते म्हणाले होते, "हा तर धोटा!" साच्यावर आडवा दोरा घेऊन धावणारा धोटा त्यांनी बावीस वर्षे पाहिला होता. गिरणी गेली, पण करंगळीएवढा धोटा घरात आला. वडील त्यानंतर रोज रात्री आईच्या बॉबिना भरून देत. लोकांनी पाहू नये म्हणून दार लावून घेत, हेही सांगितले पाहिजे. विणकराने बायकोच्या मशीनवर बसणे त्यांना कमीपणाचे वाटे.

धोट्याचे टोक गंजाने खडबडीत झाले होते. तिथे घाई करून चालत नाही. टोक बोथट झाले की फास पकडला जात नाही आणि टाका सुटतो. अगदी बारीक पॉलिशपेपर तेलात भिजवून तीन संध्याकाळी घासले. दोऱ्याचा ताण ठेवणाऱ्या दोन चकत्यांमध्ये कापडाची चिंधी फिरवली. बॉबिन भरण्याच्या चाकाची रबरी रिंग चुरमुऱ्यासारखी तुटली; ती पंधरा-वीस रुपयांत नवी मिळाली. सुईही बाजारात मिळते. आज घरोघर वापरतात तीच साधी सुई या शंभर वर्षांच्या यंत्राला चालते, याचे मला फार नवल वाटले. मात्र सुई उलटी बसवली तर टाका पडतच नाही. मी ती दोनदा उलटी बसवली. जुने स्क्रू मात्र जपावेत. त्यांचे आटे कंपनीचे स्वतःचे, वेगळे. बाजारातला स्क्रू बसत नाही. पेचकसाचे टोक खाचेत घट्ट बसेल असे कानशीने घासून घेतले, तेव्हाच हात लावला.

एक चूक मात्र माझी मला भोवली. यंत्राच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. मला वाटले, शेवटी जरा चमकवावे. चिंधीवर स्पिरिट घेतले आणि घासले. वरचे रोगण स्पिरिटात विरघळते, हे मला माहीत नव्हते. दोन मिनिटांत पुढच्या बाजूची अर्धी वेलबुट्टी चिंधीवर आली. वाईचे मेकॅनिक फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तेलाच्या बोटानं पुसायचं असतं रे." जिथे आईचा डावा हात टेकत असे तिथली नक्षी तर आधीच झिजून गेलेली होती. आता झीज कोणती आणि माझा अडाणीपणा कोणता, हे परक्याला कळणार नाही. मला कळते.

सतराव्या दिवशी दोरा ओवला. पहिल्या टिपेला कापडाच्या खालच्या बाजूला फासांचे जाळे झाले. मी धोट्याचा स्क्रू पिळत बसलो. चूक तिथे नव्हतीच. खाली फास आले की दोष वरच्या दोऱ्यात असतो. वरचा ताण सैल असतो. ताण आवळला आणि टीप सरळ पडली. कामगारांच्या तक्रारींतही पुष्कळदा असेच असते, पण ती कोटी इथे राहू देतो.

आता त्या वाक्याकडे वळतो : एक मशीन घेऊन दे, पोटापुरते मिळवील.

गांधीजींचा यंत्रांविषयीचा कडवेपणा सर्वश्रुत आहे. १९२४ साली शांतिनिकेतनातल्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायको कंटाळवाणे शिवणकाम करते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, असे ते म्हणाले. इतिहास याला आधार देत नाही. सिंगरला पैसा हवा होता आणि घरातल्या प्रेमाच्या बाबतीत तर त्याची कीर्ती भलतीच होती. पण त्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न अचूक विचारला : मग ही यंत्रे बनवायला कारखाना लागेल, त्याचे काय? गांधीजींनी कबूल केले, आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत असे सांगितले. किलबोवीच्या बारा बायकांचा प्रश्न त्या उत्तरात अर्धा तरी येतो.

दुसरा अर्धा घरातला आहे. मार्क्सने १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात शिवणयंत्रावर मुद्दाम लिहिले आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची खोली दिसली. कारखान्यात यंत्र मालकाचे असते. भाडे, दिवा, तेल, दुरुस्ती मालकाची. घरी शिवणाऱ्या बाईचे यंत्र तिचे, जागा तिची, वीज तिची, दोरा तिचा. काम नसले की यंत्र बसलेले, त्याचाही खर्च तिचाच. आई एका अभ्र्यामागे आठ आणे घेई. एका हंगामात एका ठेकेदाराने दोनशे अभ्रे 'टीप वाकडी' म्हणून परत केले आणि पैसे कापले. तेच अभ्रे पुढे हॉटेलात घातलेले वडिलांनी पाहिले. तक्रार करायची कोणाकडे? कारखाना नाही म्हणून कारखाने निरीक्षक नाही. हजेरीपट नाही म्हणून कामगार नाही. कागदोपत्री माझी आई 'गृहिणी' होती.

१९९६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणारालाही इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, हे त्याचे सार. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली सुरू केलेल्या 'सेवा' संघटनेचा त्यामागे मोठा हात होता. मी हे वाचले तेव्हा आई पन्नाशीची होती. तिला मी मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारले, "मग उद्यापासून अभ्र्याला किती देणार?"

हा प्रश्न मी तेव्हापासून पुष्कळ अधिकाऱ्यांना विचारला आहे. आपल्या तालुक्यात आणि वाईकडे घरी शिवणाऱ्या बायका मोजायला आम्ही सुरुवात केली, तेव्हा पहिली अडचण अशी आली की, बायका स्वतःच म्हणत, "आम्ही काम नाही करत, घरीच असतो." जिथे काम करणारीच कामाला काम म्हणत नाही, तिथे दर ठरवायचा कसा? म्हणून आमची सभा आता दाराशी होते. मशीन चालू असते, मी उंबऱ्यावर बसतो, आणि एका अभ्र्याला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहून वहीत लिहितो. दोऱ्याच्या रिळाची किंमत, सुयांची किंमत, तेल, महिन्याची वीज, सारे लिहितो. ही वही घेऊन आम्ही दोन ठेकेदारांपुढे बसलो. एकाने दर वाढवला. दुसऱ्याने काम दुसऱ्या गावी नेले.

शिवणयंत्र बाईला मोकळे करते की बांधते, असे मला कोणी विचारतात. आईच्या बाबतीत दोन्ही झाले. त्या यंत्रामुळे ती कोणापुढे हात पसरली नाही आणि त्याच यंत्रामुळे तिची पाठ चाळिशीतच वाकली. जिल्हा परिषदेचे मशीन घेताना फोटो निघतो. त्यानंतर काम कोण देणार आणि कोणत्या दराने, हे त्या कार्यक्रमात कोणी बोलत नाही. मशीन देऊ नये असे मी म्हणत नाही. मशीनच्या सोबत दराचा कागद द्यावा, एवढेच म्हणतो.

आपल्या देशात १९३० च्या दशकाच्या मध्यास कलकत्त्याला जय इंजिनियरिंगने 'उषा' यंत्रे बनवायला सुरुवात केली. पुढे लाला श्रीराम यांनी तो कारखाना वाढवला. लुधियानात सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. त्यामुळे गोल बॉबिनच्या यंत्राचे वाटेल ते भाग मिळतात. लांब बॉबिनच्या जुन्या यंत्राचे भाग मिळणे मात्र कठीण झाले आहे, आणि हेच सांगून मी आपला निरोप घेणार आहे.

हे यंत्र येत्या सोमवारी त्या भगिनीच्या घरी जाईल. ते चालते. व्याख्यान संपल्यावर कोणीही इथे येऊन हँडल फिरवून पाहावे. लहान मुलांना फिरवू द्यावे, पण सुईखाली बोट जाऊ नये. मात्र बॉबिना तीनच उरल्या आहेत, आणि धोटा एकच आहे. तो पडला आणि टोक मोडले की यंत्र पुन्हा फळीवर जाईल. आपल्यापैकी कोणाच्या घरी, आजीच्या पेटीत, बटणांच्या डब्यात, माळ्यावरच्या मोडक्या मशीनमध्ये, गोळीच्या आकाराचा असा पोकळ, पोलादी तुकडा असेल, तर तो मला आणून द्यावा. गंजलेला असला तरी चालेल. घासायला आता मला येते. मी रोज संध्याकाळी सहानंतर युनियनच्या कचेरीत असतो.